वीत कोणाची

अंगठा माशाच्या तोंडाशी टेकवायचा, पंजा ताणायचा, करंगळी शेपटीपर्यंत न्यायची, मान जरा वाकडी करायची आणि म्हणायचं, "भरत नाही. सोडा."

बस्. त्यावर चर्चा नाही. ज्याच्या गळाला मासा लागला असेल त्याने निमूट उठायचं आणि तो पाण्यात सोडायचा. कोणी कुरकुर केली तर ते तोच पंजा त्याच्यापुढे धरत, जणू त्यावर सरकारी शिक्का आहे. हात तरी केवढा. मनगटाला केळ्यांची फणी लावावी तसा. त्या वितीत भरायचं म्हणजे माशाने बरीच वर्षं जगायला हवं होतं.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांचा पुतण्या भांडायला येईल. भांडणाला मी भीत नाही, माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. पण या एका माणसावरून मला आता भांडायचं नाही. मनात मी त्यांना कायम अरेतुरेच केलं. लिहिताना अहोजाहो करतो आहे, कारण आबा, म्हणजे माझे वडील, कुठून तरी बघत असतील असं वाटतं. त्यांना ते खपलं नसतं.

या मासे मोजणाऱ्या गृहस्थांचं बुधवार पेठेत छत्र्यांचं दुकान होतं. आमची पहिली गाठ तिथलीच. मी तेव्हा मार्केट यार्डात हमाली सोडून कांदा-बटाट्याचा गाळा नुकताच घेतला होता आणि शेठ म्हणवून घ्यायची नवी हौस होती. श्रावणातली सर चालू होती. वळलेल्या लाकडी मुठीची एक काळी छत्री मला आवडली. भाव विचारला, त्यांनी सांगितला, मी निम्म्याला मागितली. कुठेही असंच करतात. त्यांनी माझ्या हातातून छत्री घेतली, मिटली आणि खुंटीला परत लावली.

"का हो?" मी विचारलं.

"तुम्हाला छत्री नको आहे. तुम्हाला घासाघीस हवी आहे. ती आम्ही ठेवत नाही."

मी पायरी उतरायला निघालो. तुम्ही कधी बाजार केला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, गिऱ्हाईक पाठ फिरवतं ते हाक ऐकण्यासाठी. मी पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. मागे वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. दुसरा कसलाही आवाज आला नाही. घरी पोचेपर्यंत मी आतून-बाहेरून भिजलो होतो.

तुम्ही म्हणाल, एका छत्रीसाठी एवढा राग. पण ज्याने सगळी कमाई पायरीवरून परत बोलावलं जाण्यावर केली, त्याला न बोलावणारा माणूस कसा वाटत असेल, याचा विचार करा.

पुढे काही वर्षांनी आई गेली आणि आबा बोलायचे थांबले. रागावले वगैरे नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाशी माझी जुनी ओळख आहे. मी विचारायचो, "आबा, चहा?" ते म्हणायचे, "हं." मी विचारायचो, "बरं वाटतंय का?" ते म्हणायचे, "हाय." झालं. घरात सिमेंटच्या भिंती, फिरता पंखा, फोन, सगळं मी माझ्या हिमतीवर आणलं. पण त्या घरात माझ्याशी बोलायला माझा बाप तयार नव्हता.

मग मला तलाव सुचला. आमचं गाव पुण्याच्या हद्दीत गेलं तेव्हा गावच्या तलावाचंही उद्यान झालं होतं. जिथे आबांनी पोरपणी म्हशी धुतल्या तिथे आता भिंत, फाटक, तिकिटाची खिडकी. हिरवळीवर डबे उघडून बसलेली कुटुंबं, पाण्यात राजहंसाच्या तोंडाच्या पायडलच्या होड्या, फाटकाबाहेर भेळेच्या गाड्या. आणि एका कडेला मासे धरणाऱ्यांसाठी राखलेला काठ. तिथे पाटीवर रंगाऱ्याने ठळक नियम लिहिले होते. मासे गळानेच धरावेत. जाळे टाकू नये. एकाने एकच गळ वापरावा. आषाढ-श्रावणात मासेमारी बंद. एका वितीपेक्षा लहान मासा परत पाण्यात सोडावा.

मी परदेशी बनावटीची, चक्री लावलेली काठी घेतली. घडीच्या दोन खुर्च्या घेतल्या. थर्मास घेतला. यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी आबांना जीपमध्ये बसवून सकाळीच निघालो. दोघं बापलेक शेजारी बसू, आबा म्हशींच्या गोष्टी सांगतील, असं सगळं मनात ठरवलं होतं.

काठावर सगळ्यांत चांगली जागा जांभळाखाली होती. दगडी पायरी पाण्यात उतरत होती आणि वर सावली. तिथे चटई टाकून छत्रीवाले बसले होते. हातात साधा बांबू, त्याच्या टोकाला छत्रीच्या काड्या सुतळीने आवळून बांधलेल्या. सदऱ्यावर पत्र्याचा बिल्ला. उद्यानाच्या साहेबांनी त्यांना नियमांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, बिनपगारी.

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "मिळाली का छत्री कुठे?"

इतक्या वर्षांनी. मी काही बोलणार तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "इथे बोलायचं नाही. मासा ऐकतो."

आता माझा आवाज म्हणजे लिलावात घडलेला. मी आपल्या परीने कुजबुजलो, "आबा, खुर्ची इथे मांडू का?" समोरचे बगळे उडाले.

"शेठ," ते म्हणाले, "तुमची कुजबुज कोथरूडला ऐकू जाते. तुम्ही त्या बाभळीपलीकडे बसा. हे गृहस्थ इथे बसले तरी चालतील. हे बोलणारे दिसत नाहीत."

आणि आबा बसले. माझ्या घडीच्या खुर्चीवर नाही, त्यांच्या चटईवर. मी बाभळीपलीकडे परदेशी काठी आणि दोन खुर्च्या घेऊन एकटा. त्या दिवसापासून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. आबांना घेऊन जायचो मी, मिळायचे त्यांना.

माणूस चमत्कारिक होता हे तर मान्य करावंच लागेल. छत्रीवाले मासा खात नसत. जन्मात खाल्ला नव्हता. गळाला गांडूळही लावत नसत, हिंग घालून मळलेल्या कणकेची गोळी लावत. मोठा रोहू लागला तरी वीत लावून बघत, "भरला" असं समाधानाने म्हणत आणि सोडून देत.

मी एकदा न राहवून विचारलं, "खायचा नाही तर धरता कशाला?"

"तुम्ही गाळ्यातले सगळे बटाटे खाता का?"

आषाढ-श्रावणात मासे अंड्यावर असतात म्हणून तलाव बंद, तेव्हा ते दुकानात छत्र्या विकत. पावसाळा संपला की दुकानात पुतण्याला बसवून तलावावर. हिवाळ्यात कोणी छत्री मागायला आलंच तर पुतण्याला शिकवून ठेवलं होतं, "पाऊस पडल्यावर या." असा धंदा करून हा माणूस दोन वेळा जेवत कसा होता, हे मला यार्डातल्या कोणीही समजावून देऊ शकलं नाही.

माझे मासे मात्र त्यांच्या वितीत कधी भरत नसत. मला लागायच्या त्या चिलापी. चवीला उत्तम, अंगाने बेताची. एकदा अशीच एक छान फुगीर चिलापी लागली. ते चालत आले, पंजा ताणला. "भरत नाही. सोडा."

मी माझी वीत लावली. माझा हात लहान आहे, मासा चांगला बाहेर आला. "ही बघा, भरून उरली."

"ती तुमची वीत."

"मग पाटीवर कोणाची लिहिली आहे?"

"जो मोजतो त्याची."

मी तसाच उद्यानाच्या कचेरीत गेलो. साहेबांना म्हटलं, वीत हे काय माप झालं, पाटीवर इंच घाला. साहेब सज्जन होते. म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे. पण हे त्यांना सांगणार कोण?" मी परत आलो तेव्हा चिलापी पाण्यात गेली होती आणि आबा हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा हसले होते, आणि मला हसले होते.

हेही मी गिळलं असतं. पण एका सकाळी मला पंचा दिसला.

बाजारातली एक जुनी रीत आधी सांगायला हवी. पूर्वी घाऊक बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालत. समोरच्याची किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर भाव कळायचा आणि बाजूला उभ्या माणसाला काही पत्ता लागायचा नाही. पुढे उघड लिलाव आले आणि ती रीत बंद झाली. आबा बैलगाडीतून मंडईला भाजी न्यायचे तेव्हा ती शिकले होते. मला अंक त्यांनी शाळेच्या आधी तसेच शिकवले. धोतराच्या सोग्याखाली माझी बोटं धरायची आणि विचारायचं, "किती?" मी चुकलो की पुन्हा धरायची. त्यानंतर आबांनी माझा हात कधी धरला असेल तर मला आठवत नाही.

त्या सकाळी बाभळीपलीकडून मी पाहिलं तर दोघांच्या मध्ये आबांचा पंचा पसरलेला आणि त्याखाली दोघांचे हात. आबांचा चेहरा पाण्याकडे, त्यांचाही पाण्याकडे. मध्येच पंचा हलायचा. आबांच्या मिशीखाली हसू यायचं. मग छत्रीवाले मान हलवायचे. बोलायला बंदी होती, म्हणून आबांनी त्यांना आमची भाषा शिकवली होती.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी काठी तिथेच टाकली आणि उद्यानाला दोन फेऱ्या मारल्या. होडीवाल्याशी विनाकारण भांडलो. घरी येताना जीपमध्ये विचारलं, "काय बोलता हो त्यांच्याशी एवढं?"

"काय न्हाई," आबा म्हणाले. "बोलायचं नस्तं तितं."

"मग पंच्याखाली काय चालतं?"

"आज त्याला किती मासं लागतील त्ये ठरीवतो. म्या एक सांगतो, त्यो एक सांगतो."

"आणि मला किती लागतील?"

आबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. 

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेत गेलो. घासाघीस करायला नाही, सौदा करायला. म्हटलं, यार्डातल्या माझ्या सगळ्या हमालांना छत्र्या घ्यायच्या आहेत. तुम्ही सांगाल तो भाव, मी तोंड उघडणार नाही. फक्त तुम्ही काही दिवस तलावावर येऊ नका. नाहीतर आबांना सांगा की जाऊन पोराजवळ बसा.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "छत्र्या देतो. किती हव्यात तेवढ्या देतो. आबा माझ्या दुकानातला माल नाही."

"ते माझे वडील आहेत."

"मग त्यांना सांगून बघा."

ते खवचटपणे म्हणाले असते तर मी काउंटर उलटा केला असता. पण ते साधेपणाने म्हणाले, आणि साधेपणाने बोललेल्याला उलटा करता येत नाही. हमालांना छत्र्या मात्र मी दुसऱ्या दुकानातून घेतल्या. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या काड्या निघाल्या. हेसुद्धा त्यांच्याच खात्यात जमा.

नंतर आबा आजारी पडले. छातीचं दुखणं होतं. डॉक्टरांनी फिरणं बंद केलं, पण थंडी ओसरल्यावर एका सकाळी आबा आपणहून म्हणाले, "तळ्यावर जाऊ." एवढं लांब वाक्य बऱ्याच दिवसांनी ऐकलं होतं. मी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं आणि, करणार काय, जांभळाखाली नेऊन बसवलं. छत्रीवाल्यांनी काही न विचारता चटईची घडी करून आबांच्या पाठीशी लावली. मी बाभळीपलीकडे गेलो.

त्या सकाळी मला रोहू लागला. काठी वाकली, चक्री करकरली, हिरवळीवरची माणसं उठून बघायला आली. मी तो काठावर आणला. पण गवतावर तो निपचित पडल्यावर मला कळलं, हा पाण्यात होता तेवढा बाहेर नाही. डोळ्यांनी माप घेण्यातच माझी हयात गेली आहे. त्यांच्या वितीत तो भरणार नव्हता. बोटाचं एखादं पेर कमी पडणार होतं.

मी जांभळाकडे बघितलं. आबा माझ्याकडे बघत होते. पाण्याकडे नाही, माझ्याकडे. त्यांच्या आणि छत्रीवाल्यांच्या मध्ये पंचा होता आणि तो हलला. छत्रीवाले थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग उठले, सावकाश चालत आले, गुडघ्यावर बसले.

अंगठा तोंडाशी. पंजा ताणलेला. करंगळी शेपटीशी. मान वाकडी.

"भरला," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण मी हात बघत होतो. ज्याने लहानपणी बोटांवरून अंक शिकले त्याच्यापासून हात लपत नाही. त्यांचा अंगठा सरळ नव्हता. आत दुमडलेला होता, पेरापासून. ज्या माणसाने आयुष्यात कोणाला छदामाची सूट दिली नाही, त्याने मला न मागता सूट दिली होती. माझ्या अंगाची आग झाली. मला ओरडून सांगायचं होतं की अंगठा सरळ करा, नीट मोजा, मला तुमची दया नको.

पण जांभळाखालून आबांचा आवाज आला. तलावावर, जिथे बोलायचं नाही तिथे, चांगला मोठ्याने.

"भरला का रं?"

"भरला, आबा," मी म्हणालो.

त्या रात्री आबा दोन वाट्या रस्सा जेवले. काटे काढून मी त्यांच्या ताटात मासा ठेवत होतो आणि ते सुनेला सांगत होते, काठी कशी वाकली, माणसं कशी जमली. मी लहान होतो तेव्हा ते माझ्याविषयी असं कोणाला सांगत असतील तर मी ऐकलं नव्हतं. चैत्र लागायच्या आत ते गेले.

दिवस झाल्यावर मी तलावावर गेलो. छत्रीवाल्यांच्या चटईवर शेजारी जागा रिकामी होती. मी तिथे बसलो नाही, उभाच राहिलो. विचारलं, "त्या दिवशी पंच्याखाली आबा काय म्हणाले?"

ते पाण्याकडे बघत राहिले. "शेठ, रुमालाखाली झालेलं बाहेर बोलत नाहीत. तुमच्याच बाजाराचा नियम. तुमच्या वडिलांनी मला शिकवला."

"मी त्यांचा मुलगा आहे."

"म्हणून तर नाही सांगत."

मी पाठ फिरवली. या वेळीही हाक आली नाही. पुढची कितीतरी वर्षं हे माझ्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं. आपल्या बापाचा शेवटचा सौदा आपल्यासाठी झाला, आणि काय झाला ते ठाऊक आहे एका परक्या छत्रीवाल्याला. मी तलावावर जात राहिलो, बाभळीपलीकडेच बसत राहिलो. ते माझे मासे मोजत राहिले. पुन्हा कधी अंगठा दुमडला नाही. "भरत नाही. सोडा." मी सोडायचो.

मग एका हिवाळ्यात जांभळाखाली कोणी दिसेना. दोन-तीन सुट्ट्या गेल्या. मी बुधवार पेठेत गेलो. पुतण्या म्हणाला, काकांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली आहे, वर आहेत.

दुकानावरच्या खोलीत खाटेवर ते पडले होते. कोपऱ्यात बांबू उभा केला होता. मला बघून त्यांचे डोळे हलले. मी स्टुलावर बसलो. माझा आवाज त्या खोलीला फार मोठा होता. म्हणून मी, तलावावर त्यांनी सांगितलं होतं तसा, गप्प बसलो. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच.

थोड्या वेळाने त्यांचा चांगला हात चादरीतून बाहेर आला, माझं मनगट धरलं आणि चादरीखाली ओढून घेतलं. केवढा तो हात, आता नुसती हाडं. मी वाट बघत राहिलो. मला वाटलं, बोटं धरतील, एखादा आकडा सांगतील. त्यांनी बोटं धरली नाहीत. माझा पंजा चाचपडत उलगडला, वीत मोजायला ताणतात तसा ताणला. मग माझा अंगठा धरला आणि हळूच, पेरापासून, आत दुमडला.

आणि माझ्याकडे बघितलं, कळलं का, असं.

मी मान हलवली. त्या सकाळी पंच्याखाली भाव नव्हता, बदल्यात काही नव्हतं. आबांनी छत्रीवाल्यांचा अंगठा फक्त दुमडला होता.

ते गेल्यावर उद्यानाच्या साहेबांनी तो पत्र्याचा बिल्ला मला देऊ केला. मी म्हटलं, नको, माझी वीत लहान आहे, सगळेच मासे भरतील. पुढे पाटीवर सेंटिमीटर आले. छत्र्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात आणि पुतण्या खुशाल घासाघीस करतो.

जांभळाखालची जागा सकाळी बहुतेक रिकामी असते. मी तिथे बसत नाही. बाभळीपलीकडे खुर्ची टाकतो आणि कधी कधी स्वतःचाच अंगठा दुमडून बघतो. आबांनी छत्रीवाल्यांचा अंगठा माझ्यासाठी दुमडला, हे मला पटलं आहे. पण त्या सकाळी पंच्याखाली आबांनी हातात घेतलेला हात छत्रीवाल्यांचा होता, माझा नव्हता, आणि ते मला अजून सोसत नाही.